गुलाबीच राहिलेलं पाणी

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी दुपारी जरा डोळा लागला की बाटल्या दिसतात. आडव्या झोपवलेल्या, चपट्या, तळाशी बोटभर गुलाबी पाणी. स्वप्नात मी त्यांना नेहमी विसरलेली असते. कुठल्या तरी लग्नाच्या पंगतीत बसलेली असते, नाहीतर अकोटच्या एसटीत खिडकीशी, आणि एकदम आठवतं, अगं बाई, पेशींना खायला कोण घालणार? दचकून उठते. समोर अकोल्याच्या जठारपेठेतलं आमचं घर, पंख्याचा आवाज, वाळत घातलेले कपडे. बाटल्या आता माझ्या नाहीत हे ध्यानात यायला दोन मिनिटं लागतात.

अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत मी जवळपास तीस वर्षं पेशी पाळल्या. आम्ही माळ्याचे. वडील अकोटजवळ वांगी-मिरची लावत, पुढे झेंडू आणि शेवंती. वाढवणं हाच घरचा धंदा. मी तो मळ्यात न करता बाटलीत केला, एवढाच फरक. सासरी मात्र हे सांगून पटत नसे. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून दवाखान्यात शिश्या धुते." ते अगदीच खोटं नव्हतं. धुण्यातच निम्मी नोकरी गेली.

आमच्या पेशी मूळच्या माकडाच्या मूत्रपिंडातल्या. आफ्रिकेतलं ते माकड कधीच मेलं, पण त्याच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत अजून वाढतात. एका बाटलीतून दुसरीत, एका हातातून दुसऱ्या हातात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या काचेला चिकटलेल्या दिसतात, एकीला लागून एक, शेणानं सारवलेल्या अंगणासारख्या सलग. मी तासन् तास बघत बसे. वाटे, ह्यांना ते झाड आठवत असेल का, ज्याच्यावर ते माकड बसायचं? मग आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम हाक मारायच्या, "कुसुमताई, झोपलात का?" झोपले नव्हते, पण जागीही नव्हते. त्या कामाची गुंगीच तशी होती.

त्या गुलाबी पाण्यात साखर, क्षार आणि वासराच्या रक्तातला एक अंश असे. हे मी माहेरी कधी सांगितलं नाही, नाहीतर आईनं ओसरीवरूनच परत पाठवलं असतं. पाण्याची गंमत अशी की पेशी खाऊन-पिऊन वाढू लागल्या की ते पिवळं पडत जातं. पिवळं पडलं की जुनं काढायचं, नवं घालायचं. गर्दी झाली तर पेशी सोडवून दोन बाटल्यांत वाटायच्या. पोळा असो, दिवाळी असो, पिवळ्या पाण्याला सण कळत नाही. तीस वर्षांत मी माहेरी लागोपाठ चार दिवस राहिले नाही.

आता तुम्ही म्हणाल, माकडाच्या पेशींचं एवढं कौतुक कशाला? विषाणूसाठी. विषाणूला स्वतःचं घर नाही, चूल नाही. त्याच्याजवळ फक्त एक चिठ्ठी असते. तो पेशीच्या दाराशी टेकतो, ओळखीची कडी सापडली की पेशीच त्याला आत घेते. आत चिठ्ठी उघडते आणि पेशीतले सगळे आचारी आपला स्वयंपाक टाकून चिठ्ठीत लिहिलेलं रांधू लागतात. म्हणजे काय, तर आणखी विषाणू. शेवटी पेशी मरते आणि तयार झालेले विषाणू शेजारच्या दारांवर जातात. पेशीबाहेर ठेवला तर तो वाढत नाही, खात नाही, काहीच करत नाही. त्याला जिवंत म्हणावं की नाही यावर आमच्याकडे डब्याच्या वेळी वाद व्हायचे. मी म्हणे, बियासारखं आहे, मातीत पडेपर्यंत कोणाला काय सांगता येतं?

औषध तपासायची आमची रीत साधी होती. वाट्या वाट्यांची प्लास्टिकची थाळी घ्यायची. प्रत्येक वाटीत पेशींचा थर वाढवायचा. त्यावर विषाणू सोडायचा, काही वाट्यांत औषधही घालायचं. तीन दिवसांनी जांभळा रंग ओतायचा. जिथं पेशी आहेत तिथं जांभळं, जिथं विषाणूनं खाल्ल्या तिथं पांढरी भोकं. औषध चांगलं, तर भोकं कमी. शाळेतल्या पोराला समजेल असं हे काम, पण ती थाळी उजेडाकडे धरायच्या आधी तीस वर्षांनंतरही मी क्षणभर डोळे मिटून घ्यायची.

बाकी लोक आमच्याकडे काय काय घेऊन येत! चिखलदऱ्याकडून एक गृहस्थ मधाची बाटली घेऊन आले होते, म्हणे याच्यापुढे कोणताच विषाणू टिकत नाही. मधानं पेशीही टिकल्या नाहीत. अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्यानं हट्ट धरला, "मले एक डाव विषाणू दाखवा, पैसे घ्या." आमच्या सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू दिसत नाही, त्यानं केलेली नासधूस तेवढी दिसते, असं सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे तुमी चोर नाई पाह्यला, फक्त फुटलेलं कुलूप पाह्यलं." तेव्हापासून नव्या मुलांना शिकवताना मी त्याचंच वाक्य वापरत असे.

पण लिहायला बसले ते यासाठी नाही. लिहायचं आहे माझ्या मामाच्या काढ्याबद्दल आणि मामीच्या उजव्या डोळ्याबद्दल.

मामा तेल्हाऱ्याजवळच्या खेड्यातला. थोडी शेती, आणि तीन पिढ्यांपासून घरात नागीण उतरवायचं काम. नागीण म्हणजे अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यानं उठणारे फोड. आग अशी की कापड सोसत नाही. लोकांची समजूत अशी की नागिणीचं तोंड आणि शेपटी कमरेभोवती फिरून एकत्र आली की माणूस जातो. म्हणून मामा गेरू उगाळायचा, बोटानं तोंडापुढे एक रेघ आणि शेपटीमागे एक रेघ ओढायचा, काही पुटपुटायचा आणि फोडांवर लावायला काढा द्यायचा. रोग्याकडून पैसा नाही, नारळ नाही, पाणीसुद्धा घ्यायचं नाही. घेतलं तर हातचा गुण जातो, असं त्याच्या आजानं सांगून ठेवलेलं. आणखी एक गोष्ट आजानं सांगितली होती, कपाळ आणि डोळा आपला नाही. तिथं फोड दिसला की मामा गेरूला हात लावत नसे. "अकोल्याले जा, डोयाच्या डाक्टरकडे. आत्ताच्या आत्ता," म्हणून एसटीत बसवून देई.

शास्त्र काय सांगतं? लहानपणी आपल्याला कांजण्या येतात, आमच्याकडे म्हणतात माता आली. मला ती सातव्या वर्षी मामाच्याच घरी आली. मामीनं एकवीस दिवस घरात फोडणी दिली नाही. कडुनिंबाच्या डहाळीनं ती माझ्या अंगावरून वारा घालायची आणि मी खाजवू नये म्हणून माझे दोन्ही हात आपल्या हातात धरून बसायची. तो हिरवा, कडसर वास अजून येतो. माता जाते असं आपण म्हणतो, पण ती जात नाही. तिचा विषाणू पाठीच्या कण्याशी, मज्जातंतूंच्या मुळाशी जाऊन झोपतो. चाळीस वर्षं, पन्नास वर्षं. आपण शाळेत जातो, लग्न करतो, नोकरी करतो आणि तो आत झोपलेला असतो. कधी वयानं, कधी दुखण्यानं अंगातला पहारा ढिला पडला की जागा होतो आणि तंतूच्या वाटेनं कातडीवर येतो. तीच नागीण.

त्याच्यावर गोळी आहे, आणि ती मला फार आवडते. विषाणूला आपल्या चिठ्ठीच्या नकला करायला एकेक अक्षर ओवावं लागतं, आम्ही शेवंतीचा हार करतो तसं. ही गोळी म्हणजे देठ नसलेलं फूल. दिसायला हुबेहूब शेवंती. विषाणू ते हारात घेतो, आणि पुढचं फूल बांधायला देठच नसतो. हार तिथंच थांबतो. त्यातून गंमत अशी की हे खोटं फूल हारात घेण्याजोगं करतो तोही विषाणूचाच कारागीर, म्हणून निरोगी पेशीला त्याची फारशी झळ पोचत नाही. पण हार गुंफणं चालू असेल तेव्हाच याचा उपयोग. झोपलेल्याला ते काही करत नाही आणि मेलेल्या पेशीला उठवत नाही. म्हणून फोड दिसल्यापासूनचे पहिले तीन दिवस सोन्याचे. आणि आमच्याकडे तेच तीन दिवस गेरूत जायचे.

एकदा मी माहेरी गेले असताना मामा आला. ओसरीवर टेकता टेकता म्हणाला, "कुसुम, तुया त्या बाटल्यात माया काढा टाकून पाह्य ना एक डाव."

"मामा, आणि काही नाही निघालं त्याच्यात तर?"

"त नाई निघालं. मले मालूम त पडन. तीन पिढ्या झाल्या लावून राह्यलो, कोणी पाह्यलं नाई."

मला त्याचा फार अभिमान वाटला. मी काढ्याची बाटली घेऊन अमरावतीला आले. मॅडम पुण्याकडच्या, बोलायला मऊ पण कामात कडक. आधी नाही म्हणाल्या, मग माझं तोंड पाहून हो म्हणाल्या. खुद्द नागिणीचा विषाणू बाटलीत वाढायला फार नखरे करतो, म्हणून तापानंतर ओठांवर फोड आणणारा त्याचा चुलतभाऊ आम्ही घेतला. काढा तासभर पेशींवर ठेवला, काढून टाकला, गुलाबी पाणी घातलं आणि विषाणू सोडला.

सोमवारी रंग ओतला. थाळी उजेडाकडे धरली. काढ्याच्या वाट्या काठोकाठ जांभळ्या होत्या. एकही भोक नाही. शेजारच्या, काढा न घातलेल्या वाट्या चाळणी झालेल्या. विषाणू न सोडता नुसता काढा घातलेल्या वाट्याही सुरेख जांभळ्या, म्हणजे काढ्यानं पेशींना अपाय नाही. मी थाळी पुन्हा उजेडाकडे धरली. माझ्या मामाचा काढा! मॅडम म्हणाल्या, "कुसुमताई, एका थाळीवर विश्वास ठेवायचा नसतो. अजून दोनदा करा." मी मान डोलावली आणि जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन फोन लावला.

फोन मामीनं घेतला. "मामी, मामाला सांग, काढा खरा निघाला! एक भोक नाही पडलं!"

"खरं काय वो? थांब, आत्ता वावरात जाऊन सांगतो त्याइले." तिच्या चपलांचा आवाज फोनमधून लांब जात राहिला. फोन ठेवायचंही तिला सुचलं नव्हतं.

मी एक जादा थाळी न रंगवता ठेवली होती. मॅडम त्याला माळ्याची खोड म्हणायच्या, चार रोपं जास्तीची लावायची. गुरुवारी तिच्याकडे लक्ष गेलं. विषाणू नसलेल्या साध्या वाट्यांचं पाणी पिवळं पडलं होतं, रोजच्यासारखं. नुसत्या काढ्याच्या वाट्यांचं पाणी गुलाबी होतं. पहिल्या दिवशी घातलं तसंच्या तसं, ताजं, सुंदर गुलाबी. इतक्या दिवसांत त्या पेशींनी एक घोटही घेतला नव्हता. मी त्यांना वाटीच्या तळावरून सोडवायला गेले, सुटेनात. नव्या पाण्यात ठेवल्या, वाढेनात. त्या जागच्या जागी मेल्या होत्या आणि जिवंत असल्यासारख्या चिकटून बसल्या होत्या. मेलेल्या पेशीत विषाणूला आचारी मिळत नाही, म्हणून भोक नाही. रंगाचं काय, तो मेलेल्या पेशीलाही चढतो.

मॅडमनी विचारलं, "काढ्यात घालतात काय?"

बाभळीची साल. लहानपणी मामाबरोबर बांधावर जाऊन ती मीच सोलली होती. आणि त्याच गावात बाभळीच्या सालीच्या हौदात चामडं कमावताना मी रोज बघत होते. साल कातडं घट्ट करते, सडू देत नाही, वर्षानुवर्षं टिकवते. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. पेशींचं चामडं झालं होतं. पुण्याच्या मॅडमना ते कळण्याचं कारण नव्हतं. मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं, पण मला जांभळा रंग इतका आवडला होता की मी पुढं बघितलंच नाही.

आता फोन करायचा होता. शुक्रवारी म्हटलं, आज नको, तो आनंदात असेल. शनिवारी म्हटलं, फोनवर कसं सांगू, समक्ष जाऊन सांगेन. रविवारी निघायचं ठरवलं आणि पेशी वाटायच्या आहेत असं स्वतःला सांगितलं. वाटायच्या नव्हत्या. तीन पिढ्यांचं एका वाक्यात पुसून टाकायचं धाडस माझ्यात नव्हतं, खरं ते एवढंच. असे आठ दिवस गेले. पुढच्या शुक्रवारी मामाचाच फोन आला, अकोल्याच्या दवाखान्यातून.

"कुसुम, तुया मामीले डोयाची नागीण झाली."

रविवारी कपाळावर उजवीकडे फोड उठले होते. सोमवारी नाकाच्या शेंड्यावर एक. मामा एसटीचे पैसे खिशात घालून उभा होता. मामीच म्हणाली, "काहून अकोल्याले? कुसुमनं मशिनीत पाह्यलं ना? लावा तुमी." आणि आयुष्यात पहिल्यांदा मामानं आजाचा शब्द मोडला आणि कपाळावर गेरूची रेघ ओढली.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, डोळ्यात औषध घातलं, जे करायचं ते सगळं केलं. म्हणाले, तीन-चार दिवस आधी आणलं असतं तर. डोळ्याचं बुबुळ पांढरं पडलं ते पडलंच. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात मामाला सगळं सांगितलं. गुलाबी पाणी, साल, आठ दिवस. तो ऐकत राहिला. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "हे तिले सांगू नको. तुयावर लय जीव हाये तिचा."

त्यानंतर मामानं काढा बंद केला. बाभळीच्या सालीचं पोतं उकिरड्यावर टाकलं. गेरू मात्र ठेवला. मी चिडून विचारलं, "कशाला ठेवलास?" तो म्हणाला, "गेरू बंद केला त लोक दुसऱ्याकडे जातीन, तो त्याइले दवाखान्यात धाडन काय? माह्याकडे येऊ दे. मी धाडतो." आणि त्यानं खरंच धाडले. कोणीही आला की आधी तालुक्याच्या दवाखान्यात. "गोयी दाखवा, मंगच रेघ." लोक गोळीचं पाकीट हातात घेऊन परत येत आणि मामा ते उलटसुलट बघून मगच गेरू उगाळे. त्याला वाचता येत नव्हतं, पण पाकीट ओळखता येत होतं. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी जेवढे रोगी त्या गोळीपर्यंत पोचवले नसतील, तेवढे त्यानं पोचवले. कोरोनाच्या आदल्या वर्षी तो गेला.

गेल्या हिवाळ्यात माझ्या कमरेला उजवीकडे आग होऊ लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी चार फोड. आरशात पाहिलं आणि, खरं सांगू, आधी ओळख पटल्यासारखं हसू आलं. मामीच्या घरी आलेला तो विषाणू, कडुनिंबाच्या वाऱ्यात निजलेला, आता उठला होता. तासाभरात दवाखान्यात होते, दुपारी पहिली गोळी पोटात. चार दिवसांनी आग उतरल्यावर मी तेल्हाऱ्याची एसटी धरली. गेरूनं काही होत नाही हे मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी गेले.

मामी ओसरीवर शेवंतीचा हार गुंफत होती. तिला आता बघावं लागत नाही, बोटांना देठ कळतो. मामा गेल्यापासून रेघा तीच ओढते. तिनं मला पालथं झोपवलं, सहाणेवर गेरू उगाळला. उन्हं अंगणात आली होती, कुठं तरी कडुनिंब जाळल्यासारखा वास होता. तिचं थंड, ओलं बोट पाठीवर टेकलं आणि मी सात वर्षांची झाले. मग मला ते पोटात ठेवणं जमेना. पालथ्यानंच बोलले, तोंड सतरंजीत. "मामी, काढा खोटा आहे हे मला त्या गुरुवारीच कळलं होतं. तुला फोड उठायच्या तीन दिवस आधी. मी फोन केला नाही. आठ दिवस केला नाही. मला भीती वाटली."

बोट थांबलं. रेघ अर्धीच राहिली होती. मी रडत होते. अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या, तेवढाच आवाज.

मग तिनं विचारलं, "गोयी कोणत्या दिवशी घेतली तू?"

"पहिल्याच. तासाभरात."

"पह्यल्याच दिवशी?"

"हो."

"मंग माया डोया तुया कामी आला," मामी म्हणाली. "हालू नको, रेघ वाकडी जाईन." तिनं पुन्हा गेरूत बोट बुडवलं आणि राहिलेली रेघ पुरी केली.